जीवाणूच्या हातचं औषध : प्रस्तावना

साठ किलो वजनाच्या माणसाला म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार झाला, तर लायपोसोमल अँफोटेरिसिन बी या औषधाची रोजची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅमप्रमाणे ३०० मिलिग्रॅम भरते. एका कुपीत ५० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे रोज ६ कुप्या, आणि त्याही कित्येक आठवडे. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांना हा हिशेब तोंडपाठ झाला होता. कोविडमधून नुकत्याच उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या माणसाचा गाल सुजायचा, दात हलायला लागायचे, डोळ्यामागे ठणका लागायचा. मग कान-नाक-घशाचे डॉक्टर सांगायचे, वरचा जबडा काढावा लागेल, कदाचित डोळाही. शस्त्रक्रिया झाली तरी औषध लागणारच होतं, आणि औषध मिळत नव्हतं. नातेवाईक चिठ्ठी घेऊन या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत होते. देशात त्या साथीत ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, ४ हजारांहून अधिक माणसं दगावली, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या राज्यांत आपलं राज्य होतं.

तुटवडा का पडला, कुणाचं नियोजन चुकलं, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. एक गोष्ट मात्र त्या गदारोळात फारशी कुणी विचारली नाही. ज्या औषधासाठी ही धावाधाव चालली होती ते १९५०च्या दशकातलं. मूत्रपिंडाला ते इजा करतं, हे डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही इतक्या वर्षांत त्याच्या जागी त्याच तोडीचं पण कमी विषारी असं दुसरं औषध का उभं राहिलं नाही? हा प्रश्न ज्यांनी फार आधीपासून धरून ठेवला होता आणि ज्यांनी त्याचं उत्तर जीवाणूंच्या विकरांत, म्हणजे एन्झाइममध्ये शोधलं, त्यांच्या कामाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

बुरशीविरुद्धची औषधं मुळातच थोडी आहेत, आणि त्याला कारण आहे. जीवाणू आपले फार दूरचे नातेवाईक. पेनिसिलिन ज्या भिंतीचं बांधकाम अडवतं ती भिंत माणसाच्या पेशीला नाहीच, म्हणून ते जीवाणूला मारतं आणि आपल्याला सोडून देतं. बुरशी मात्र वंशवृक्षावर झाडाझुडपांपेक्षा प्राण्यांच्या जवळ बसते. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक आहे, आपल्यासारखीच ऊर्जा तयार करणारी यंत्रणा आहे, प्रथिनं बनवण्याची रीतही बरीचशी तीच. तिच्यावर केलेला घाव आपल्यावरही बसतो. वेगळेपण शोधावं तर ते बारीकसारीक ठिकाणी सापडतं. त्यातलं सर्वांत उपयोगी ठरलेलं वेगळेपण पेशीच्या पटलात आहे : आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. या दोन रेणूंत फरक किती, तर दोन जादा दुहेरी बंध आणि एक मिथाइल गट. गेली ७० वर्षं बुरशीविरुद्धचे बरेचसे उपचार या एवढ्याशा फरकावर उभे आहेत.

पॉलिईन हा गट एर्गोस्टेरॉलला थेट पकडतो. अँफोटेरिसिन त्यातलंच. अझोल हा दुसरा गट एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाही. तिसरा, एकायनोकँडिन, बुरशीच्या भिंतीवर काम करतो. फ्लुसायटोसिन, टर्बिनाफिन अशी आणखी थोडी नावं घेतली की यादी जवळजवळ संपते. आणि तीही झिजत चालली आहे. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडलेली कँडिडा ऑरिस ही यीस्ट आज जगभरच्या अतिदक्षता विभागांत आहे आणि फ्लुकोनॅझोलला सहसा दाद देत नाही. आपल्याकडचं गजकर्ण पूर्वी पंधरा दिवसांच्या मलमाने जायचं; आता टर्बिनाफिनला न जुमानणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी घराघरांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते, आणि दुकानातून सहज मिळणाऱ्या स्टिरॉइडमिश्रित मलमांनी तिला आणखी बळ दिलं आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरीवर फवारतात ती हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही नावं शेतकऱ्यांना नवी नाहीत. ती रुग्णालयातल्या अझोलांच्याच घराण्यातली आहेत. शेतातल्या अझोल फवारणीमुळे ॲस्परजिलस बुरशी रुग्णालयातल्या अझोलांना सरावते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवून दिलं आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच अशा १९ बुरशींची यादी काढली, ज्यांच्यावर संशोधन व्हायलाच हवं. जीवाणूंची तशी यादी तिने २०१७ सालीच काढली होती. बुरशीला तेवढंही लक्ष मिळायला पाच वर्षं जास्त लागली.

या सगळ्यात पॉलिईन गट अजून ताठ उभा आहे. अँफोटेरिसिनला पुरून उरणारी बुरशी रुग्णांत क्वचितच भेटते, कारण एर्गोस्टेरॉल टाकून जगायचं म्हटलं तर बुरशीचीच ताकद जाते. म्हणून मला वाटतं की नवं औषध शोधताना या गटाकडे पाठ फिरवणं चूक ठरेल. त्याचा मारा उत्तम आहे. सुधारायचं आहे ते त्याचं आपल्याशी वागणं.

पॉलिईन औषधांचा इतिहास मातीचा इतिहास आहे, आणि त्यात दोन स्त्रियांचं नाव पहिलं घ्यायला हवं. एलिझाबेथ ली हेझन न्यूयॉर्क शहरात सूक्ष्मजीवांवर काम करत होत्या, रेचल फुलर ब्राउन आल्बनीत रसायनशास्त्रज्ञ होत्या. दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाच्या नोकरीत. हेझन ठिकठिकाणच्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू वेगळे करायच्या, ते बुरशीला रोखतात का ते पाहायच्या, आणि आशादायक वाटलेली संवर्धनं काचेच्या बरणीत घालून टपालाने आल्बनीला पाठवायच्या. ब्राउन त्यातला सक्रिय पदार्थ वेगळा काढून परत टपालानेच पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या नर्स नावाच्या कुटुंबाच्या शेतातल्या मातीतून जो जीवाणू मिळाला, तो स्ट्रेप्टोमायसिस नर्साय. त्याच्यापासून निघालेलं निस्टॅटिन १९५० साली जाहीर झालं. माणसाला देता येईल असं बुरशीविरुद्धचं ते पहिलं प्रतिजैविक. स्वामित्वहक्कापोटी १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. दोघींनी त्यातला एक डॉलरही स्वतःकडे ठेवला नाही, सगळी विज्ञानाच्या अभ्यासासाठी दिली. १९६६च्या पुरात फ्लॉरेन्समधल्या भित्तिचित्रांवर बुरशी चढली, तेव्हा तिच्यावरही निस्टॅटिन फवारलं गेलं.

मात्र निस्टॅटिन शिरेतून देता येत नाही. तोंड आलं, त्वचेवर चट्टा उठला, योनिमार्गात संसर्ग झाला, तिथे ते उत्तम. रक्तात शिरलेल्या बुरशीसाठी दुसरं काही हवं होतं. ते व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीतून, स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर मिळालं : स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस आणि त्याचं अँफोटेरिसिन.

तिसरी माती पिंपरीची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला, तो देशाला पेनिसिलिन पुरवण्यासाठी. पण तिथे संशोधन विभागही होता, आणि त्यात एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखे कवकशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतून काढलेल्या जीवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्या औषधाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन. १९६१ साली कारखान्याच्याच संशोधन नियतकालिकात त्याची पहिली वर्णनं छापून आली. पाठोपाठ ऑरिओफंजिन आलं, ते पिकांवरच्या बुरशीसाठी वापरात आलं. स्वातंत्र्याला जेमतेम चौदा वर्षं झालेल्या देशात, पुण्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात, आपल्या मातीतल्या जीवाणूपासून नवं औषध काढलं गेलं होतं. ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत का नाही, हे मला कधीच कळलेलं नाही.

माती शोधण्याचा तो काळ १९७०पर्यंत ओसरला. नवी माती तपासली तरी तेच तेच पदार्थ पुन्हा हाती लागायला लागले. रसायनशास्त्रज्ञांनी हाताने रेणू घडवून पाहिला. १९७० साली अँफोटेरिसिनची रचना क्ष-किरणांनी पक्की झाली, आणि १९८७मध्ये के. सी. निकोलाऊ यांच्या गटाने तो संपूर्ण रेणू प्रयोगशाळेत बांधून दाखवला. ती विलक्षण कामगिरी होती. पण ३८ अणूंचं कडं, त्याच्या एका बाजूला सात दुहेरी बंधांची ताठ, तेलकट पट्टी, दुसऱ्या बाजूला पाण्याशी सख्य असलेल्या हायड्रॉक्सिल गटांची रांग, वर एक अमिनो साखर : हे सगळं टप्प्याटप्प्याने बांधायचं म्हणजे इतकी लांबण लागते की औषध म्हणून ते परवडणं अशक्य. कारखान्यात आजही अँफोटेरिसिन जीवाणूकडूनच बनवून घेतात, किण्वनाच्या टाक्यांत. जीवाणूला हे काम जमतं तर मग रेणूत बदलही त्याच्याकडूनच का करवून घेऊ नये? या कल्पनेपाशी सगळा विषय सुरू होतो.

त्यासाठी जीवाणू रेणू कसा बांधतो ते समजून घ्यावं लागतं. स्लॅब टाकताना जिन्यावर माणसं रांगेत उभी राहतात आणि घमेलं हातोहात वर जातं, ती रांग डोळ्यांसमोर आणा. इथे फरक एवढाच की प्रत्येक हातापाशी घमेल्यात थोडी भर पडते. पॉलिकीटाइड सिंथेस नावाची ही विकरं अवाढव्य असतात. अँफोटेरिसिनसाठी अशी सहा प्रथिनं आहेत आणि त्यांत मिळून १९ मॉड्यूल. पहिलं मॉड्यूल सुरुवातीचा तुकडा धरतं, पुढची १८ प्रत्येकी एक तुकडा जोडतात. साखळीत दर वेळी दोन कार्बनची भर पडते. १९ तुकड्यांपैकी १६ ॲसिटेटपासून आलेले, ३ प्रोपिओनेटपासून. ते तीन जिथे बसतात तिथे साखळीला बाजूने मिथाइल गट फुटतो.

जोडून झाल्यावर त्या टप्प्यावर काय करायचं, हे मॉड्यूलमधले लहान लहान खंड ठरवतात. एक खंड कीटोनचं अल्कोहोल करतो. दुसरा त्यातून पाणी काढून दुहेरी बंध तयार करतो. तिसरा तो दुहेरी बंधही बुजवून साखळी साधी करतो. ज्या मॉड्यूलमध्ये पहिले दोन आहेत पण तिसरा नाही, तिथे दुहेरी बंध उरतो. अशी मॉड्यूलं ओळीने आली की दुहेरी बंधांची पट्टी तयार होते, आणि अँफोटेरिसिनच्या भुकटीला जो पिवळा रंग असतो तो याच पट्टीमुळे. शेवटी साखळीची दोन टोकं जुळून कडं होतं. मग इतर विकरं सफाईला येतात : एक बाजूचा मिथाइल गट ऑक्सिजनने बदलून त्याचा कार्बोक्सिल करतं, एक मायकोसॅमिन ही साखर जोडतं, एक आणखी एक हायड्रॉक्सिल बसवतं.

या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की मॉड्यूलांचा क्रम आणि साखळीतल्या तुकड्यांचा क्रम एकच असतो. जीवाणूच्या डीएनएत जनुकं ज्या ओळीने लिहिलेली आहेत ती वाचली, तर रेणू पाहण्याआधीच त्याची बरीचशी रचना सांगता येते. हे पहिल्यांदा एरिथ्रोमायसिन या जीवाणूविरोधी औषधात उघड झालं. १९९० आणि १९९१ साली केंब्रिजमध्ये पीटर लेडली यांच्या आणि अमेरिकेत ॲबट कंपनीत लिओनार्ड कॅट्झ यांच्या गटांनी ती जनुकं वाचली. त्याआधी इंग्लंडच्या नॉरिचमधले डेव्हिड हॉपवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दोन जीवाणूंची जनुकं एकत्र करून पहिलं संकरित प्रतिजैविक तयार केलं होतं. पुढे याला वेग आला. पवईच्या आयआयटीतून शिकून गेलेले आणि स्टॅनफर्डमध्ये काम करणारे चैतन खोसला या क्षेत्रातले अग्रणी. त्यांनी सुरू केलेल्या कंपनीतल्या संशोधकांनी १९९९ साली एरिथ्रोमायसिनच्या विकरांत फेरबदल करून ५०हून अधिक नवे रेणू तयार केले. आता हवं ते औषध हव्या त्या रचनेत बनेल, असं त्या दिवसांत अनेकांनी लिहिलं. तसं झालं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

पॉलिईनच्या विकरांची जनुकं शतक बदलताना वाचून झाली. नॉर्वेतल्या ट्रॉनहेममध्ये सर्गेई झोचेव्ह आणि सहकाऱ्यांनी २००० साली निस्टॅटिनची जनुकं प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये पॅट्रिक कॅफ्री यांच्या गटाने अँफोटेरिसिनची. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की हे दोन रेणू जवळजवळ भावंडं आहेत. मुख्य फरक पाचव्या मॉड्यूलमध्ये. निस्टॅटिनच्या जीवाणूत तिथला दुहेरी बंध बुजवणारा खंड नेमाने काम करतो, त्यामुळे सात बंधांची सलग पट्टी मध्येच तुटते : चार एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. अँफोटेरिसिनच्या जीवाणूत तोच खंड आहे, पण तो कधी काम करतो, कधी करत नाही. केलं तर अँफोटेरिसिन ए तयार होतं, नाही केलं तर अँफोटेरिसिन बी. ७० वर्षांपूर्वी स्क्विबच्या रसायनशास्त्रज्ञांना एकाच जीवाणूतून दोन पदार्थ का मिळत होते, त्याचं हे उत्तर.

ट्रॉनहेमच्या गटाने मग निस्टॅटिनच्या जनुकात नेमका तो खंड निकामी केला. जीवाणू सलग सात दुहेरी बंधांचं निस्टॅटिन बनवू लागला, आणि सलग पट्टीची पॉलिईनं बुरशीवर सहसा अधिक जोरदार असतात. दुसरा बदल सफाईच्या विकरात. अँफोटेरिसिनमध्ये कार्बोक्सिल तयार करणारं विकर डब्लिनच्या गटाने काढून टाकलं तेव्हा मिथाइल गट जसाच्या तसा राहिला. हा नवा रेणू बुरशीला जवळपास पूर्वीइतकाच मारत होता, पण माणसाच्या तांबड्या पेशी फोडण्याची त्याची खोड बरीच कमी झाली होती. झोचेव्ह यांच्या गटाने हे दोन्ही बदल निस्टॅटिनच्या एकाच जीवाणूत केले, आणि २००८ साली त्यातून निघालेला रेणू आज बीएसजी००५ या नावाने ओळखला जातो. तो माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचला आहे. प्रयोगशाळेत विकर बदलून घडवलेला पॉलिईन रुग्णाच्या शिरेपर्यंत नेणं म्हणजे काय, हे ज्याने औषधाच्या चाचण्या जवळून पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको.

इथे इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या कामाविषयी थोडं थांबून सांगावं लागेल, जरी ते विकरांचं नसून रसायनशास्त्राचं आहे. अँफोटेरिसिन पेशीच्या पटलात छिद्रं पाडतं आणि त्यातून पेशीतला ऐवज गळतो, असं आपण सगळे पाठ्यपुस्तकांत शिकलो. बर्क यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं की मुख्य काम वेगळं आहे : औषधाचे रेणू पटलाबाहेर एकत्र गोळा होतात आणि पटलातलं एर्गोस्टेरॉल शोषून बाहेर काढतात. बुरशी त्याने मरते. आपल्या मूत्रपिंडातल्या पेशींतून ते तसंच कोलेस्टेरॉल ओढून नेतं, आणि मूत्रपिंडाची इजा तिथून येते. म्हणजे औषधाची ताकद आणि त्याचं विष दोन्ही एकाच क्रियेतून येत असले तरी ते वेगळे करता येतात. रेणूने एर्गोस्टेरॉल धरावं आणि कोलेस्टेरॉल सोडावं एवढंच साधायचं. त्यासाठी त्यांनी मायकोसॅमिनवरचा फक्त एक हायड्रॉक्सिल गट काढून पाहिला. कोलेस्टेरॉल सुटलं, एर्गोस्टेरॉल धरलेलंच राहिलं. २०२३ साली याच दिशेने आणखी सुधारलेला रेणू त्यांनी प्रसिद्ध केला, जो उंदरांत मूत्रपिंडाला इजा न करता बुरशी मारतो. विषारीपणा हा या औषधाचा पिढीजात स्वभाव आहे असं वाटत होतं. तो रेणूच्या एका कोपऱ्यातला, हात घालता येईल असा भाग निघाला.

मग १९९०च्या दशकातली आश्वासनं का फोल ठरली? कारण मॉड्यूल हे सुटे भाग नाहीत. एक मॉड्यूल आपलं काम करून साखळी पुढच्याला देतं, तेव्हा पुढचं ती ओळखतं का, हा प्रश्न उरतोच. मधलं एखादं बदललं की पुढची कित्येक अडखळतात, अर्धवट साखळी वाटेतच गळते, आणि टाकीत जिथे ग्रॅमने औषध मिळायचं तिथे मिलिग्रॅमवर येतं. कित्येक नवे पॉलिकीटाइड कागदावर उत्तम आहेत आणि टाकीत जवळजवळ शून्य. म्हणूनच या विषयातली जी पावलं यशस्वी ठरली ती लहान होती : एका खंडाला निकामी करणं, एक सफाईचं विकर काढणं, एक साखर बदलणं. कॅफ्री यांच्या गटाने अँफोटेरिसिनच्या कड्यावर मायकोसॅमिनऐवजी पेरोसॅमिन ही दुसरी अमिनो साखर बसवली, त्यासाठी दुसऱ्या जीवाणूचं साखर घडवणारं विकर आणलं आणि साखर जोडणाऱ्या विकराची जडणघडण बदलली. त्यात वर्षं गेली. हा विषय घाईच्या माणसासाठी नाही.

दुसरीकडे जुनी मातीची वाटही नव्याने मोकळी झाली. २००२ साली स्ट्रेप्टोमायसिस सिलिकलर या जीवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. ७,८००हून अधिक जनुकं, आणि त्यांत अशा पदार्थांचे २०हून अधिक समूह, ज्यांतले बहुतेक प्रयोगशाळेत कधी दिसलेच नव्हते. म्हणजे जे जीवाणू आपण शोधून झाले असं मानलं, त्यांच्यातही न पाहिलेली औषधं दडलेली असू शकतात. २०२५ साली चीनमधल्या संशोधकांनी जनुकं वाचत वाचत मँडिमायसिन नावाचा पॉलिईन शोधला, जो एर्गोस्टेरॉलऐवजी पटलातल्या फॉस्फोलिपिडला धरतो. पॉलिईनकडून अशी अपेक्षाच कुणी केली नव्हती.

आपल्याकडच्या कामाचं काय? औषध सुधारण्याच्या कामात महाराष्ट्र कुठेच नव्हता असं नाही. अँफोटेरिसिन लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून त्याचं विष कमी करण्याचं काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन त्या कामातून रुग्णापर्यंत पोहोचलं. तो रेणूच्या बाहेरचा इलाज होता. रेणू तोच राहिला. हॅमायसिनवर आतून काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. ते अँफोटेरिसिनहून थोडं वेगळं आहे : त्याची साखळी ॲसिटेटने सुरू न होता पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लाने सुरू होते, त्यामुळे तिच्या शेपटाला एक सुगंधी कडं असतं. अशा पॉलिईनांची बुरशीवरची ताकद फार मोठी असते आणि विषारीपणाही. विषारीपणा रेणूच्या कोपऱ्यातून काढता येतो हे एकदा कळल्यावर, इतक्या ताकदीचा रेणू बाजूला पडून राहावा हे बरं नाही.

आणि जागा पाहा. पिंपरीपासून थोड्याच अंतरावर, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा राष्ट्रीय संग्रह आहे, म्हणजे ज्यांच्यावर औषध तपासायचं ते शत्रूही हाताशी. जीवाणू, बुरशी, किण्वनाची जुनी परंपरा आणि म्युकरमायकोसिसच्या रुग्णांना हाताळलेले शेकडो डॉक्टर, हे सगळं एका जिल्ह्यात असलेल्या जागा जगात फार नाहीत.

विज्ञान शाखेतली पदवीधर मुलं-मुली हे वाचतील, त्यांच्यासाठी मी एक प्रश्न ठेवतो. बर्क यांनी मायकोसॅमिनच्या दुसऱ्या कार्बनवरचा जो एक हायड्रॉक्सिल गट काढला, तो त्यांनी रसायनशास्त्राने काढला. वाट लांब आहे आणि महागडी. दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल नसलेल्या साखरा स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू स्वतःही बनवतात, अनेक प्रतिजैविकांत त्या सापडतात. मग जीवाणूलाच तशी अमिनो साखर बनवायला लावून ती अँफोटेरिसिनवर चढवता येईल का? अडचण अशी की त्या साखरा थायमिडीन डायफॉस्फेटला जोडलेल्या रूपात तयार होतात, आणि मायकोसॅमिन ग्वानोसिन डायफॉस्फेटला जोडलेल्या मॅनोजपासून. साखर चढवणारं विकर ग्वानोसिनचं रूप ओळखतं. एक तर नव्या साखरेची वाट ग्वानोसिनच्या बाजूने बांधावी लागेल, नाहीतर त्या विकराचा साखर धरणारा खळगा बदलावा लागेल, आणि बदलताना त्याने कड्याची ओळख विसरता कामा नये.